जुनी लिव्हर किंवा बोल्ट रायफल घेताय? आधी ती वाचायला शिका

जुनी रायफल घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "एवढी किंमत योग्य आहे का?" खरं तर हा तिसरा प्रश्न. पहिला, ही रायफल नक्की कोणती. दुसरा, तुम्ही तिचं करणार काय. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की किमतीचा गुंता बराचसा सुटतो. ती न मिळवता पैसे मोजणारे बहुतेकदा विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट विकत घेतात आणि रायफल सोबत फुकट येते. म्हणून पुढचा क्रम तसाच लावला आहे: ठरवणं, ओळखणं, तपासणं, किंमत करणं आणि मग गोळी झाडणं. लिव्हर रायफल म्हणजे चापाभोवतीचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस चढवायची. बोल्ट रायफलीत तेच काम नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, म्हणजे बोल्ट, हाताने मागे-पुढे करून होतं.

१. ठेवायची की चालवायची, ते आधी ठरवा

कारखान्यातून निघाली तशीच असलेली, सगळे क्रमांक जुळणारी रायफल हवी आणि दर आठवड्याला रेंजवरही न्यायची, हा हट्ट सोडा. अस्सल, अस्पर्श रायफलीचा स्क्रू फिरवतानाही हात कापतो, कारण प्रत्येक ओरखड्याला किंमत मोजावी लागते. उलट जिचा बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे, दस्ता नव्याने पॉलिश केला आहे, पण नळी आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) ठणठणीत आहे, तिच्याकडे संग्राहक ढुंकून पाहत नाही. ती स्वस्त मिळते आणि मनसोक्त चालवता येते.

माझं मत विचाराल तर पहिली खरेदी या दुसऱ्या प्रकारातली असावी. तिच्यावर उघडझाप, सफाई, तपासणी शिका. संग्रहातली रायफल त्यानंतर घ्या, तेव्हा तुमचे डोळे तयार झालेले असतील.

२. कागद आणि साधनं

कायदा देशागणिक बदलतो, काही ठिकाणी राज्यागणिकही. त्यामुळे दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, आपल्या परवाना अधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घ्या. बहुतेक ठिकाणी लागणारे कागद असे:

- तुमच्या नावाचा चालू परवाना, आणि त्यात रायफलीचं कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, बसतं याची खात्री. लष्करी काडतूस वापरणाऱ्या रायफलींवर बऱ्याच देशांत वेगळे निर्बंध आहेत.
- विकणाऱ्याकडचे मालकीचे कागद आणि हस्तांतरणाची नोंद. वारशाने आलेली रायफलही यातून सुटत नाही.
- कारखाना, मॉडेल, कॅलिबर आणि अनुक्रमांक लिहिलेली पावती.
- ने-आण करण्याची परवानगी लागत असेल तर ती, हातात रायफल घेण्याआधी.

अमेरिकी जाहिरातींत "१८९९ पूर्वीची" असा उल्लेख वारंवार दिसेल. तिथल्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र प्राचीन वस्तूंत धरलं जातं, म्हणून त्या तारखेलाच किंमत आहे. तुमच्या देशात त्या तारखेला काही अर्थ असेलच असं नाही.

साधनं फार लागत नाहीत: नळीत पाहायला छोटा दिवा, भिंग, कॅलिपर, प्लास्टिकचं आवरण असलेला क्लीनिंग रॉड, योग्य मापाची डमी (बिनदारूची) काडतुसं आणि बंदुकीसाठीचे खास स्क्रूड्रायव्हर. शेवटच्या वस्तूत काटकसर नको. साध्या स्क्रूड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं असतं. ते जुन्या स्क्रूच्या बारीक खाचेत नीट बसत नाही आणि पहिल्याच पिळात कड फाडतं. बंदुकीच्या स्क्रूड्रायव्हरच्या पात्याच्या बाजू टोकाशी समांतर असतात.

३. दोन घराण्यांची तोंडओळख

लिव्हरमध्ये विंचेस्टर हे मुख्य नाव. १८७३ चं मॉडेल .४४-४० सारख्या काडतुसांचं, धूर सोडणाऱ्या काळ्या बंदुकीच्या दारूच्या काळातलं. त्याची टॉगल, म्हणजे दुमडत्या सांध्याची, रचना मोठा दाब सोसणारी नाही. १८८६ आणि १८९२ ही जॉन ब्राउनिंगची डिझाइनं, त्यांत बोल्टला उभ्या पट्ट्यांचं कुलूप बसतं, म्हणून ती कितीतरी दणकट. १८९४ चं मॉडेलही त्याचंच. त्यासाठी १८९५ साली .३०-३० हे बिनधुराच्या दारूचं काडतूस आलं आणि त्या जोडीने शंभर वर्षांहून जास्त बाजार गाजवला. मार्लिनच्या रायफलींचा रिसीव्हर (यंत्रणा बसते ती धातूची चौकट) वरून बंद असतो आणि झाडलेली पुंगळी बाजूने बाहेर पडते. सॅव्हेज १८९९, म्हणजेच पुढची मॉडेल ९९, वेगळ्याच डोक्याची: आत फिरतं मॅगझिन (काडतुसं साठवायचा कप्पा) आणि डाव्या बाजूच्या खिडकीत किती काडतुसं उरली हे दाखवणारा पितळी आकडा.

बोल्टमध्ये बहुतेक गोष्टी माउझर ९८ पाशी येऊन थांबतात. बोल्टला पुढे दोन लग (कुलूप लावणारे उंचवटे), मागे तिसरा सुरक्षेचा, आणि काडतूस मॅगझिनमधून निघतानाच पकडणारा लांब पंजा. बाजूला ली-एनफिल्ड, जिचा बोल्ट विलक्षण वेगाने चालतो आणि जी बोल्ट बंद करताना कॉक होते, म्हणजे गोळी झाडणारी स्प्रिंग तेव्हा ताणली जाते. मग रशियन मोसिन-नागांट, अमेरिकेची १९०३ ची स्प्रिंगफिल्ड, जपानी अरिसाका, स्वीडिश एम ९६ आणि सरळ मागे खेचायच्या बोल्टची स्विस के ३१. एवढी नावं पुरेत. एका घराण्यात शिरा आणि निदान सुरुवातीला तिथेच राहा.

४. रायफल हातात आल्यावर

सगळ्यात आधी ती रिकामी आहे का ते पाहा. विकणारा "रिकामीच आहे" म्हणाला तरी पाहा. बोल्ट रायफलीचा बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये आणि मॅगझिनमध्ये डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. लिव्हर रायफलीत नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतूस दडून बसू शकतं. स्प्रिंग गंजलेली असेल तर लिव्हर कितीही वेळा हलवली तरी ते बाहेर येत नाही. लिव्हर उघडी ठेवून मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस ढकलणारा फॉलोअर दिसतोय का बघा. तो दिसला नाही तर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून आधी मॅगझिन उघडून घ्या.

आता खरी तपासणी. ती लाकूड आणि धातू जिथे भेटतात तिथून सुरू करा. कारखान्यात दस्ता बसवताना लाकूड धातूपेक्षा केसभर वर ठेवायचा रिवाज होता. दस्ता आणि रिसीव्हरच्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवा. नख लाकडाच्या कडेला अडकलं तर उत्तम. ते धातूच्या कडेला अडकलं, म्हणजे लाकूड खाली गेलेलं असलं, तर कुणीतरी सॅंडपेपर मारला आहे, वरचं पॉलिश कितीही सुंदर दिसो.

तेच धातूचं. अक्षरांच्या कडा भिंगाखाली पाहा. मूळ ठसा कडक असतो आणि त्याच्या काठाशी धातू किंचित वर आलेला असतो. बफिंग करून पुन्हा ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा थर) दिलेल्या रायफलीची अक्षरं पुसट आणि गुळगुळीत होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी खोलगट होतात, कोपरे गोलावतात. ब्लूइंगच्या थराखाली गंजाचे खड्डे दिसले तर प्रश्नच संपला: गंज आधी आला, रंग नंतर. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर आत कुणीतरी हात घातला होता एवढं नक्की.

टॅंग (रिसीव्हरची दस्त्यात शिरणारी मागची पट्टी) आणि रिसीव्हरवर जादा भोकं शोधा. पूर्वी दुर्बीण बसवायला लोक बिनदिक्कत ड्रिल मारत. नंतर भोकं बुजवून वर ब्लूइंग देतात, पण तिरप्या उजेडात तो गोल डाग दिसतोच.

यंत्रणेच्या चाचण्या रिकाम्या रायफलीवर. लिव्हर रायफलीचा घोडा अर्ध्या कॉकवर, म्हणजे अर्धवट मागे, ठेवून चाप ओढा, तो पडता कामा नये. पूर्ण कॉकवर असताना घोड्यामागे अंगठ्याने जोर द्या, तेव्हाही नाही. बोल्ट रायफलीचा बोल्ट काढून लगच्या मुळाशी भेग आहे का पाहा.

नळी मात्र साफ केल्याशिवाय पाहू नका. लष्करी गोदामातून आलेल्या रायफलींत घट्ट ग्रीस भरलेलं असतं आणि त्याआड काहीही लपतं. साफ केल्यावर नळी काळपट दिसली तर लगेच नाकारू नका. नळीतल्या पिळदार खाचा स्पष्ट आणि तोंडाची कड शाबूत असेल तर अशी नळी अनेकदा छान नेम देते. फुगवटा मात्र अक्षम्य: आतून दिव्यात काळं कडं दिसतं, बाहेरून बोट फिरवताना उंचवटा लागतो.

५. क्रमांक आणि शिक्के वाचणं

या छंदातला सगळ्यात रसाळ भाग हाच, आणि फसवणुकीचाही.

एस-एम-एल-ई, म्हणजे आखूड ली-एनफिल्डचा क्रमांक रिसीव्हरवर असतो आणि तोच बोल्टच्या दांड्याच्या मागे, नळीच्या तोंडाशी असलेल्या टोपीवर, साइटवर (नेम धरायच्या पट्टीवर) सापडायला हवा. माउझर ९८ चं आखूड लष्करी रूप असलेल्या जर्मन के ९८ के वर रिसीव्हरच्या माथ्यावर कारखान्याचा संकेत आणि साल असतं. बी-वाय-एफ म्हणजे ओबर्नडॉर्फचं माउझर. अशाच एखाद्या रायफलीवर एक्स हा ठसा, नव्याने कोरलेले जुळते क्रमांक आणि लालसर शेलॅकचा थर दिसला, तर ती युद्धात रशियनांच्या हाती लागून त्यांनी पुन्हा बांधलेली आहे. चालवायला छान, पण "जुळते क्रमांक" म्हणून चढी किंमत मागितली तर हसून पुढे व्हा.

मोसिनवर बाणासह तारा म्हणजे तुला शहरातला कारखाना, बाणासह त्रिकोण म्हणजे इझेव्स्कचा. चौकटीत एस-ए हा शिक्का असला तर ती फिनलंडच्या सैन्यात गेलेली, आणि फिनिश रायफलींना मागणी जास्त. अरिसाकावर सम्राटाचं शेवंतीचं फूल असे. शरणागतीनंतर बहुतेकांवरचं ते घासून टाकलं गेलं, त्यामुळे शाबूत फुलाची रायफल महाग. स्वीडिश एम ९६ च्या दस्त्यावर पितळी चकती असते आणि तिच्यावर नळीची झीज चक्क नोंदवलेली असते. ती चकती वेगळी लावता येते हे मात्र ध्यानात असू द्या. के ३१ च्या दस्त्याखालची पट्टी दोन स्क्रू काढून उघडली की कधीकधी आत चिठ्ठी निघते, ज्या सैनिकाला ती रायफल दिली त्याच्या नावाची. चिठ्ठी निघाली तर तिथेच परत ठेवा.

विंचेस्टरच्या बाबतीत एक सोय आहे. कारखान्याच्या जुन्या नोंदवह्यांचा मोठा भाग वायोमिंगमधल्या कोडी शहरातल्या शस्त्र संग्रहालयात जपलेला आहे. अनुक्रमांक कळवून शुल्क भरलं की, त्या क्रमांकाची नोंद उरली असेल तर, रायफल कोणत्या नळीची, कोणत्या कॅलिबरची आणि कधी पाठवली याचं पत्र मिळतं. विशेष नक्षी, वेगळी लांबी, सेट ट्रिगर (अगदी हलक्या स्पर्शाने सुटणारा चाप) अशा गोष्टींसाठी जास्त पैसे मागितले जात असतील तर पत्राशिवाय व्यवहार नको.

६. किंमत कशी काढायची

अस्सलपणा, अवस्था, दुर्मीळपणा, आणि शेवटी इतिहास, या क्रमाने. नवखे नेमके उलटे जातात. "माझ्या आजोबांनी युद्धातून आणली" हे खरंही असेल, पण कागद नसेल तर त्याला शून्य धरा.

मूळ फिनिश किती उरली, याला सर्वांत जास्त भाव. वयाने आलेला तपकिरी पॅटिना हा दोष नाही, तो घासणं हा गुन्हा आहे. एका दुपारी स्टील वूल घेऊन चमकवलेल्या रायफलीची गेलेली किंमत कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही. लाकूड कापून, लष्करी साइट काढून शिकारीसाठी हलकी केलेली लष्करी रायफल संग्रहात जवळजवळ बाद, चालवायला मात्र कधीकधी सोनं. हवाला म्हणून फक्त झालेल्या लिलावांच्या अंतिम किमती घ्या. मागितलेली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा.

"१९६४ पूर्वीची" हा शब्दप्रयोगही समजून घ्या. त्या वर्षी विंचेस्टरने खर्च कमी करायला मॉडेल ९४ (म्हणजे वरची १८९४) आणि मॉडेल ७० (त्यांची बोल्ट रायफल) या दोन्हींची बांधणी बदलली, म्हणून आधीच्या रायफलींना वेगळा भाव आहे. जंगल कार्बाइन म्हणून मिरवणारी ली-एनफिल्ड नंबर ५ घेताना नळीच्या मुळाशी वजन कमी करायला कोरलेल्या खोबणी शोधा. त्या नसतील तर ती बहुधा नंबर ४ कापून केलेली नक्कल आहे.

७. या रायफली भिंतीवरच बऱ्या

- १९०३ ची स्प्रिंगफिल्ड, स्प्रिंगफिल्ड आर्मरीची असून क्रमांक ८,००,००० च्या खाली, किंवा रॉक आयलंडची असून २,८५,५०७ च्या खाली. त्या काळी पोलाद किती तापलं हे कारागीर डोळ्यांनी, रंगावरून ठरवत. काही रिसीव्हर जास्त तापून ठिसूळ झाले. कोणता चांगला आणि कोणता वाईट हे बाहेरून कळत नाही.
- डीपी शिक्क्याची ली-एनफिल्ड. ती कवायतीसाठी काढून ठेवलेली.
- जपानी प्रशिक्षण रायफली. दिसायला खऱ्यासारख्या, पण ओतीव लोखंडाच्या आणि कोऱ्या (बिनगोळीच्या) काडतुसांसाठी बनवलेल्या.
- कॅनडाची रॉस १९१०. तिचा बोल्ट चुकीचा जोडला तरी आत बसतो, कुलूप न लागताच गोळी सुटू शकते आणि बोल्ट चेहऱ्याकडे येतो. जाणकाराने तपासल्याशिवाय नाही.

८. काडतूस: इथे अंदाज चालत नाही

नळीवरचं कॅलिबर वाचा, पण त्यावर विसंबू नका. शंभर वर्षांत चेंबर बदललेलं असू शकतं. शंका असेल तर बंदूक कारागिराकडून चेंबरचा साचा काढून घ्या आणि नळीचा व्यास मोजून घ्या.

जुन्या जर्मन ८ मिमी रायफलींत .३१८ इंचाची गोळी होती, नंतर ती .३२३ झाली. नवं काडतूस जुन्या चेंबरमध्ये आरामात बसतं, आणि धोका तिथेच आहे: जाड गोळी अरुंद नळीत दाबली जाते. ऑस्ट्रियन एम ९५ मूळ ८×५०आर ची, नंतर बहुतेकांचं चेंबर ८×५६आर साठी बदललं आणि नळीवर मोठा एस ठोकला. ईशापूरची २ए आणि २ए१ लांबून थेट .३०३ ली-एनफिल्ड वाटते, पण ती १९६० च्या दशकात ७.६२ मिमी नाटो काडतुसासाठी बनलेली.

लिव्हर रायफलींचा नियम वेगळा. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या तळाच्या टोपीवर, टेकतं. धक्क्याने टोकदार गोळी तो प्रायमर फोडू शकते. म्हणून चपट्या नाकाच्या किंवा या कामासाठीच बनवलेल्या मऊ टोकाच्या गोळ्याच वापरा. विंचेस्टर १८९५ आणि सॅव्हेज ९९ ला ही अडचण नाही, त्यांचं मॅगझिन नळीखाली नसतं. आणि .४५-७० च्या डब्यावर "आधुनिक रायफलींसाठी" असं लिहिलं असेल तर ते काडतूस जुन्या १८८६ मध्ये घालू नका.

९. पहिली गोळी

त्याआधी हेडस्पेस तपासणं सक्तीचं: काडतूस चेंबरमध्ये जिथे अडतं तिथपासून बंद बोल्टच्या चेहऱ्यापर्यंतचं अंतर. चेंबरमध्ये घालायचे मापाचे ठोकळे म्हणजे गेज: गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गो वर होता कामा नये. ली-एनफिल्ड नंबर ४ मध्ये बोल्टचं डोकं ० ते ३ अशा मापांत मिळतं, ते बदलून सैलपणा काढता येतो. हेडस्पेसवर अर्धवट माहितीचे लोक जोरजोरात बोलतात. तुम्ही गेजचं ऐका.

रेंजवर चष्मा आणि कानांवर मफ. मॅगझिन भरू नका, एकेक काडतूस घाला. पहिली पुंगळी थंड झाली की तळाच्या थोडं वर चमकदार कडं आलंय का पाहा. तारेचं टोक वाकवून आतल्या बाजूने ओढा. खाच लागली तर पुंगळी तिथे ताणली जातेय, थांबा. चाप ओढूनही गोळी सुटली नाही तर तोंड लक्ष्याकडे धरून मिनिटभर वाट पाहा आणि मगच उघडा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढचं काडतूस घालण्याआधी नळीत आरपार उजेड दिसतो का बघा, गोळी आत अडकलेली असू शकते.

१०० मीटरवर गोळ्या वर जातात म्हणून घाबरून साइट घासू नका. एम ९६ ची सर्वांत खालची साइट ३०० मीटरची आहे. मोसिन ९१/३० चा नेम संगीन लावून जुळवलेला असे, ती काढली की गोळ्या सरकतात.

१०. त्याच दिवशी सफाई

जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे एक क्षार, जो हवेतलं पाणी ओढतो. एका दमट रात्रीत नळी तांबूस होते. तेलात क्षार विरघळत नाही, म्हणून नुसतं तेल फिरवणं व्यर्थ. आधी गरम पाणी, मग कोरडी फडकी, मग सॉल्व्हंट, शेवटी तेलाचा पातळ हात. बोल्टचा चेहरा विसरू नका.

रॉड शक्यतो चेंबरच्या बाजूने घाला. विंचेस्टरमध्ये ते जमत नाही, तोंडातूनच घालावा लागतो, तेव्हा कड घासू नये म्हणून गाइड वापरा. मार्लिन ३३६ चा लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट बाहेर येतो आणि मागून सफाई करता येते.

चामडी किंवा फोमच्या कव्हरात रायफल कायमची ठेवू नका, ते ओल धरतं. कुलपाच्या कोरड्या कपाटात उभी करा, शक्य असेल तर तोंड खाली करून, म्हणजे जादा तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. काडतुसं वेगळ्या कुलपात. हाताळल्यावर धातूवरचे बोटांचे ठसे तेलाच्या फडक्याने पुसा. प्रत्येक रायफलीचा अनुक्रमांक, फोटो आणि पावतीची प्रत घराबाहेरही एका ठिकाणी ठेवा, चोरी झाली तर पोलीस आणि विमा कंपनी दोघंही हेच मागतात.